आपला चार

१३ फेब्रुवारी

कुलपा,

गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी, तीन तारखेला, मी कामावर अर्धा तास आधी पोचलो. खिडकीची काच ओल्या फडक्याने पुसली, शाई संपत आलेली दोन पेनं फेकून दिली, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला आणि रोज म्हणतो ते म्हटलं, ‘देवा, आज येईल त्याचा चेहरा मला दिसू देऊ नकोस.’ देवाने शब्द पाळला. चेहरा दिसला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी खिडकीतून जो हात आत आला, तो तुझा होता.

मी कुठे कामाला आहे हे तुला ठाऊक नसावं. असतं तर तू त्या जिन्याची पायरी चढला नसतास. अकरा वर्षांत आपण एकमेकांना काहीच कळवलेलं नाही. मी एचआयव्हीची तपासणी होते त्या सरकारी केंद्रात खिडकीवर बसतो. दारावर पाटी आहे, ‘इथे नाव विचारलं जात नाही.’ ते खरं आहे. खिडकी मुद्दाम कमरेच्या उंचीवर केली आहे, वरची काच दुधी आहे. माणूस बाहेर उभा राहतो, हात आत घालतो. शेजारी बसलेली नर्स रक्त काढते. नळीवर छापील आकडा असतो, तोच आकडा मी चिठ्ठीवर पेनाने उतरवून त्या हातात देतो. नाव नाही, पत्ता नाही, वय नाही. आठ-दहा दिवसांनी माणूस चिठ्ठी घेऊन शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक बाईंकडे जातो, त्या आकडा बघून निकाल सांगतात. चिठ्ठी हरवली तर निकाल हरवला. आम्हाला माणूस शोधायचा नसतो आणि शोधताही येत नाही. म्हणून तर लोक येतात.

सहा वर्षांत हजारो हात पाहिले असतील. एकही ओळखला नाही. पण उजव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर असं बाहेर वळलेलं जगात दुसऱ्या कुणाचं नाही. शाळेचा दरवाजा मी लोटला आणि त्यात तुझं बोट होतं. गुरुजींनी विचारलं, घरी अण्णांनी विचारलं, तू तोंड उघडलं नाहीस. शेवटी मीच सांगितलं, ‘मी केलं.’ अण्णा हसले होते. म्हणाले, ‘एक कुलूप आणि एक दवंडी. देवाने जोडी बरोबर पाठवली.’

त्या सकाळी नर्स म्हणाली, “काका, आकडा लिहा ना, ते थांबलेत.” मी लिहिला. हात थरथरत होता. चिठ्ठी तुझ्या बोटांत दिली तेव्हा माझं बोट तुझ्या त्या पेराला लागलं. तू हात मागे घेतलास आणि गेलास.

तू का आलास हे मला लगेच कळलं. मधल्या बहिणीकडून सगळी बातमी असते. तेवीस मार्चला तुझं लग्न आहे. मुलगी शिवण शिकवते, तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि तुझ्यासारखीच कमी बोलते म्हणे. लग्नाआधी स्वतःहून तपासून घेणारे किती असतात, मी सांगतो तुला. बोटावर मोजण्याइतके. मला तुझा अभिमान वाटला.

आज तू निकाल घ्यायला आलास. बाईंच्या खोलीच्या दाराच्या कडीवर तोच हात दिसला. मग जिन्यावर पावलं ऐकली. दोन-दोन पायऱ्या एकदम. जिना असा उतरणाऱ्याचा निकाल मला कुणी सांगावा लागत नाही. मी खिडकीवर बसल्या बसल्या हात जोडले.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. हे पत्रही टाकणार नाही. अकरा वर्षांपूर्वी तू जे म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही, म्हणून लिहून ठेवतोय. कागदाला सांगितलं म्हणजे सांगितल्यासारखं होत नाही, असं धरून चालतो.

— दवंडी


१ मार्च

कुलपा,

काल महिनाअखेर होती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई दिलेल्या निकालांचे आकडे वाचतात आणि मी माझ्या वहीत खुणा करतो. कंटाळवाणं काम. बाई वाचता वाचता पेंगतात, मी खुणा करता करता नामस्मरण करतो, दोघांचंही चालून जातं.

एकशे त्र्याऐंशीपुढे मी खूण केली होती. थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा एकशे त्र्याऐंशी म्हटलं.

“बाई, हा झालाय.”

“कसा झालाय? माझ्याकडे तेरा तारखेला दिलाय.”

“तुम्ही बारालाही दिलाय.”

“काका, तुमचं वय झालं की माझं?” त्या हसल्या. “दोनदा लिहिला गेला असेल. पुढे चला.”

पुढे गेलो. सगळे झाले आणि एक आकडा खुणेवाचून राहिला. एकशे त्रेचाळीस. निकाल येऊन पडलाय, घ्यायला कुणी आलं नाही. त्याच्यापुढे प्रयोगशाळेची लाल खूण. लाल खूण म्हणजे रक्तात सापडलं. बाईंनी सुस्कारा सोडला. “असेच जातात बिचारे. भीतीने परत फिरकत नाहीत.”

मला नळी आठवली. तुझ्या नळीवरचा छापील आकडा आठवला. 143.

कुलपा, मी कुठल्या शाळेत शिकलो हे तुला वेगळं सांगायला नको. इंग्रजी आकडे मी नोकरी लागल्यावर गिरवले. रोज लिहितो, बरोबर लिहितो. पण त्या सकाळी तुझं बोट पाहिलं आणि हात गुरुजींच्या पाटीवर परत गेला. मी एक इंग्रजी काढला, मग आपला चार काढला, मग तीन. तीन दोन्हीकडे सारखाच. आपला ४ म्हणजे खाली गाठ आणि वर दोन उघडे हात. तुला पाटीवर मीच शिकवला होता, ‘वर बघून हात पसरलेला माणूस काढ.’ हात थरथरला की ते दोन हात वर जवळ येतात. आणि जवळ आले की तो इंग्रजी आठ होतो.

बाई लहानपणापासून इंग्रजी आकड्यांत शिकलेल्या. त्यांनी तुझी चिठ्ठी बघितली, 183 वाचलं, आणि एकशे त्र्याऐंशीचा निकाल तुला सांगून टाकला. ‘काही नाही, निर्धास्त राहा.’ तो निकाल दुसऱ्याचा होता. तो माणूस आदल्या दिवशी आपला निकाल घेऊन गेला होता.

तुझा निकाल लाल खुणेखाली पडून आहे, आणि तू दोन-दोन पायऱ्या उतरून गेलास.

मी बाईंना तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वही मिटली, कुलूप लावलं, घरी आलो. वहिनीने वाढलं ते खाल्लं नाही. ती म्हणाली, “पोटात गोष्ट राहत नाही म्हणतात तुमच्या, आता अन्नही राहीना की काय?” मी म्हटलं, “पित्त झालंय.” अकरा वर्षांपूर्वी गप्प बसायचं होतं तेव्हा बोललो. काल बोलायचं होतं तेव्हा मूग गिळून बसलो.

तेवीस तारखेला बावीस दिवस आहेत.


५ मार्च

(हे टाकलेल्या पत्राची नक्कल ठेवतोय.)

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं लग्न ठरल्याचं मधलीकडून समजलं. आनंद झाला. तुझ्याशी एका कामाबद्दल बोलायचं आहे. काम घरचं नाही आणि भांडणाचंही नाही. लग्नाच्या आधी बोलायला हवं. तू म्हणशील तिथे आणि म्हणशील तेव्हा येईन, दहा मिनिटं पुरतील. तुझ्याकडे अलीकडे मिळालेली एखादी चिठ्ठी असेल तर जपून ठेव, फेकू नको.

रागावलेला असशील हे धरूनच लिहितोय.

तुझा दादा


१२ मार्च

कुलपा,

पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का, ‘घेण्यास नकार’. उघडलंही नाहीस. माझं अक्षर पाहूनच पोस्टमनला परत दिलं असशील.

कारखान्यात फोन केला होता. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तू आहेस, एवढं मधलीने सांगितलं होतं. ज्याने उचलला तो म्हणाला, “थांबा, बोलावतो.” मागे चाकांची घरघर आणि पाणी वाहिल्याचा आवाज. मग तोच परत आला. “ते म्हणतात, मी नाहीये.” मी म्हटलं, “बरं, नसतील.” दोघेही हसलो.

काल हिय्या केला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्या आमच्या केंद्राच्या मुख्य. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, पण त्यांच्यापुढे माझी पाचावर धारण बसते. मी कोऱ्या चिठ्ठीवर 143 लिहिलं, आपला चार काढून, आणि पुढे ठेवलं.

“हा किती, बाई?”

“एकशे त्र्याऐंशी.”

“नाही. एकशे त्रेचाळीस.”

त्यांनी चिठ्ठी जवळ घेतली, लांब धरली. मी सगळं सांगितलं. फक्त हात कुणाचा होता ते सोडून. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी त्या चारावर बोट ठेवलं.

“म्हणजे लाल खूण असलेला माणूस निर्धास्त होऊन फिरतोय.”

“हो.”

“आणि आपल्याकडे त्याचं नाव नाही.”

“नाही.”

“चूक तुमची एकट्याची नाही काका. हाताने आकडे उतरवून घेतले, ती चूक आमची. उद्यापासून चिठ्ठीही छापील मागवते.” मग म्हणाल्या, “पण हा माणूस सापडणार कसा? दारावर सूचना लावू की चिठ्ठी पुन्हा दाखवायला या. पण चांगला निकाल मिळालेला माणूस आमचं दार परत कशाला बघेल?”

मी खाली बघत होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“काका. तुम्हाला माहीत आहे?”

सहा वर्षं मी त्या पाटीखाली बसलोय. इथे नाव विचारलं जात नाही. ‘हो’ म्हटलं तर पाटी खोटी. ‘नाही’ म्हटलं तर मी खोटा. मी काहीच बोललो नाही, आणि त्या समजल्या.

“मला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “कोण ते मला कळता कामा नये. घरच्यांना नाही, नातेवाइकांना नाही, त्याचं लग्नबिग्न ठरत असेल तर त्या लोकांनाही नाही. फक्त त्याला. तेही निकाल सांगू नका, तो बाई सांगतील. चिठ्ठी चुकीची वाचली गेली, पुन्हा या, एवढंच. आणि पत्र लिहू नका. पत्र कुणीही फोडतं.”

मी खिशातल्या परत आलेल्या पाकिटावर हात ठेवला. तुझ्या रागाने पहिल्यांदाच माझ्यावर उपकार केले.

“आणि त्याने नाही ऐकलं तर?” मी विचारलं.

“तर पुन्हा सांगा. गोळ्या आहेत काका. रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होऊन मरतो, संसार करतो. कळलं तर. न कळता राहिलं तर मात्र तो जातो, आणि शेजारच्यालाही देऊन जातो.”

उद्यापासून मी खिडकीवर नाही. सामानाच्या खोलीत हातमोजे आणि सुया मोजून द्यायच्या. बरंच झालं.

अकरा दिवस राहिले.


१५ मार्च

कुलपा,

कारखान्याच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा तू बाहेर पडलास तेव्हा ती बरोबर होती. निळी पिशवी, पिशवीतून मोजपट्टीचं टोक बाहेर लोंबत होतं. तू ते टोक आत ढकललंस, तिच्या लक्षातही आलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे औषधांच्या दुकानात शिरलो आणि उगाच पित्ताच्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा तुझ्याबरोबर दोघे कामगार होते. तिसऱ्या माणसासमोर हे बोलता येत नाही.

आज मधलीचा फोन आला.

“दवंडी, ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“कपडे आले. तिनेच शिवलेत, स्वतःचे आणि त्याचेपण. तू येणारेस का नाही ते सांग. मी त्याला म्हटलं, थोरल्याला बोलव. तो म्हणाला, तू बोलावतेस तर बोलव, मी ओळख दाखवणार नाही.”

“बरं.”

“बरं काय? तुला झालंय काय? तू आणि नुसतं ‘बरं’? एरवी फोन ठेव म्हणून ओरडावं लागतं.”

“काही नाही गं.”

“तुला काहीतरी माहितीये.” ती एकदम हळू बोलायला लागली. “त्याच्याबद्दल. मुलीबद्दल आहे का? सांग ना. मी कुणाला बोलणार नाही, आईशप्पथ.”

कुलपा, खरं लिहितो. त्या क्षणी शब्द जिभेच्या टोकावर होता. मधलीला सांगितलं असतं तर तासाभरात लग्न थांबलं असतं. मला तुझ्यापुढे उभंही राहावं लागलं नसतं. ती पोरगी वाचली असती. मनाने लगेच साक्ष दिली, ‘चांगल्यासाठीच सांगतोयस.’

आणि ते वाक्य मी ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या पाटावर अण्णांना सांगताना मी हेच म्हटलं होतं. शहरात तू एका बाईबरोबर राहतोस, लग्नावाचून, आणि तिला पहिल्या नवऱ्याची मुलगी आहे. तू फक्त मला सांगितलं होतंस, दुपारी. रात्रीच्या जेवणाला ते अण्णांच्या ताटात होतं. ‘तुझ्या चांगल्यासाठीच.’ आठवड्याभरात तिच्या माहेरचे तिला घेऊन गेले, अण्णांनी तुला दार बंद केलं. जाताना तू माझ्याशी एकच वाक्य बोललास, ‘दादा, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.’

लहानपणी आपण ती म्हण खरी करून पाहिली होती, आठवतं? दोघांच्या जिभेखाली एकेक तीळ. जो आधी बोलेल तो हरला. तू संध्याकाळपर्यंत बसलास. मी पाचव्या मिनिटाला हसून तीळ गिळला.

“मधले,” मी म्हटलं, “मला काही माहीत नाही. लग्नाला येईन.”

तिचा विश्वास बसला नाही. पण फोन ठेवला.


२१ मार्च

कुलपा,

यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण आपण दोघं हे तोंडाने पुन्हा बोलणार नाही.

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत सरळ आत आलो. बाकीचे डबे उघडून मागच्या अंगणात बसले होते. तू एकटाच चाकावर होतास. घासायच्या पावडरीचा पांढरा चिखल कोपरापर्यंत, काचेवर पाण्याची धार. तू काच धुतलीस, उजेडाला धरलीस, भिंतीवर काढलेल्या फुलीकडे तिच्यातून बघायला लागलास. मी दारात उभा होतो.

“दादा, उजेड अडवू नको,” तू म्हणालास.

अकरा वर्षांनी हे पहिलं वाक्य. मी बाजूला झालो. तू काच पूर्ण तपासलीस, कागदात गुंडाळलीस, मगच माझ्याकडे वळलास.

“कुणी मेलंय का?”

“नाही.”

“मग?”

मी पाठ करून आलो होतो. “मी तपासणी केंद्रात खिडकीवर होतो. तुझ्या चिठ्ठीवरचा आकडा मी लिहिला. तो चुकीचा वाचला गेला. पुन्हा यावं लागेल. हे तुझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही.”

मला वाटलं तू ओरडशील. निदान चाकाजवळची ती पाण्याची बादली तरी लाथाडशील. तू हात पुसलेस. प्रत्येक बोट वेगळं पुसलंस, ते वाकडंही. मग कपाटातून एक जुनी चष्म्याची डबी काढलीस आणि तिच्यातून चिठ्ठी.

“हा चार आहे,” तू म्हणालास.

“हो.”

“मला चारच दिसत होता.” तू चिठ्ठी माझ्यापुढे धरलीस. “बाई म्हणाल्या, वन एट थ्री. मी मनात म्हटलं, वन फोर थ्री. त्यांनी कागद उलटा केला, काही नाही म्हणाल्या, निर्धास्त राहा म्हणाल्या. मी गप्प बसलो. एवढंच म्हणायचं होतं, बाई, हा चार आहे. नाही म्हटलं.”

तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“खाली रस्त्यावर आलो आणि कळलं की मला माहीत आहे. रोज रात्री ही डबी उघडायचो, म्हणायचो आठच आहे. सकाळी चार व्हायचा. तिला अजून सांगितलं नाही की निकाल चांगला आला. जीभ उचलत नव्हती.”

“तुला कळलं होतं, की मी...”

“असा चार दुसरं कोण काढतं? हात पसरलेला माणूस.” तू पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलंस. “मला वाटलं, आता दोन दिवसांत साऱ्या गावाला कळेल. मधलीचा फोन येईल. रोज वाट बघायचो. पत्र आलं तेव्हा वाटलं, झालं, दवंडी पिटली. म्हणून परत पाठवलं. मग कुणीच काही म्हणेना. तेव्हा मला जास्त भीती वाटायला लागली.”

मग तू विचारलंस, “एकशे त्रेचाळीसपुढे काय आहे?”

“ते बाई सांगतील. मला सांगता येत नाही.”

तू थोडंसं हसलास. “तोंड बंद ठेवलंस तरी तुझं तोंड सांगतंच रे.”

आपण चालत गेलो. वाटेत तू एकदाच बोललास. “सहा वर्षं तिथे बसतोस?”

“हो.”

“तू?”

“मीच.”

“देवाचीसुद्धा थट्टाच असते.”

तू बाईंच्या खोलीत पाऊण तास होतास. मी सामानाच्या खोलीत हातमोजे मोजत बसलो. शंभराची खोकी चारदा मोजली आणि चारही वेळा वेगळी भरली. तू बाहेर आलास तेव्हा चेहरा रक्त उतरल्यासारखा होता, पण पाय जमिनीवर नीट पडत होते.

“आज पुन्हा रक्त घेतलं. खात्रीसाठी,” तू म्हणालास. “पण त्यांना वाटत नाही की बदलेल. गोळ्या आहेत. रोज.”

“हो.”

“तिला मी सांगणार. आजच.”

“हो.”

“मी. तू नाही.”

“मी नाही.”

जिन्याच्या तोंडाशी तू थांबलास. तुझा हात कठड्यावर होता. त्याच्यावर माझा हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. खालच्या वळणावरून तू वर बघून म्हणालास, “दादा, पुढच्या वेळी इंग्रजी काढ.” आणि एकेक पायरी उतरत गेलास.

तिने काय म्हटलं ते तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही.

आज सकाळी ही सगळी पत्रं एका पाकिटात घातली, सुतळीने बांधली आणि कारखान्यात घेऊन आलो. हे शेवटचं पान इथेच, अंगणातल्या बाकावर बसून लिहितोय. वर खोचून सगळं तुझ्या हातात देईन. तुझं गुपित तुझ्याकडे असलेलं बरं. जाळायचं तर जाळ, ठेवायचं तर ठेव. माझ्या घरात आता त्याचा एकही कागद नाही.

एक लिहायचं राहिलं. काल संध्याकाळी मी दिवा लावत होतो तेव्हा मधलीचा फोन आला. ती रडवेली होती.

“दवंडी, लग्न दोन महिने पुढे ढकललं. दोघांनी मिळून सांगितलं. कारण काही सांगत नाहीत, नुसते हात धरून बसले होते. तुला काय वाटतं, काय झालं असेल?”

वहिनी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होती. काडी बोटापर्यंत जळत आली होती.

“मला काय ठाऊक,” मी म्हटलं, आणि वात पेटवली.

— दादा